कोरीव ओकचं लाँगकेस घड्याळ (ग्रँडफादर क्लॉक) चालतं आणि परत परत थांबतं : यंत्र उघडायच्या आधी काय काय बघायचं

आधी लक्षणं बघू. नुसतं ‘थांबलं’ म्हटलं तर काही कळत नाही, कसं थांबतं आणि कधी थांबतं त्यावरच सगळं असतं.

- लंबक हलवून सोडला की पाच-दहा मिनिटं चालतं, झोका लहान लहान होत जातो आणि थांबतं. टिक आणि टॉक सारख्या अंतराने येत नाहीत, आवाज लंगडतो.
- चावी दिल्यावर चार-पाच दिवस छान चालतं, मग बंद. परत चावी दिली की परत तेच.
- दर वेळी ठरावीक वेळेलाच थांबतं. बारा ते एकच्या मधे, किंवा मध्यरात्रीच्या आसपास, किंवा काटे एकमेकांवरून जाताना.
- वरचा हूड, म्हणजे तबकडीभोवतीची डोक्याकडची पेटी, काढून ठेवला की चालतं, बसवला की थांबतं.
- उन्हाळाभर चालतं, घरातलं हीटिंग सुरू झालं की थांबायला लागतं.
- टिकटिक चालू पण काटे जागचे हलत नाहीत.
- झोका पहिल्यापासूनच मरगळलेला, कधीही थांबतं, काही नेम नाही.

हे सगळं मी इंग्लिश लाँगकेसबद्दल लिहितेय, म्हणजे ज्याला सगळे ग्रँडफादर क्लॉक म्हणतात ते माणसाहून उंच, लाकडी पेटीतलं, वजनांवर चालणारं घड्याळ. मी वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहते आणि गेली बरीच वर्षं हीच घड्याळं आणि त्यांच्या पेट्या दुरुस्त करते. हॅलिफॅक्स इथून जवळच आहे, अठराव्या शतकात तिथे इतकं घड्याळकाम चालायचं की तबकडीतल्या छोट्या गोल खिडकीत चंद्र दिसतो त्याला अजूनही हॅलिफॅक्स मून म्हणतात. हल्ली लिलावात जुन्या गडद लाकडाला फारसा भाव उरलेला नाही, त्यामुळे अशी घड्याळं बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात आणि इथल्या आपल्या मराठी घरांतही ती यायला लागलीत, आणि मग दिवाळीच्या आगेमागे फोन सुरू होतात, ताई, घड्याळ परत थांबलं. दिवाळी आणि हीटिंग इथे एकाच सुमाराला येतात, त्याचा संबंध खाली सांगते.

माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ वेळा यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं, घड्याळ नीट उभं नसतं. लोक पेटीला कपाट समजतात, आत घड्याळ ठेवलंय असं. तसं नाहीये. यंत्र एका आडव्या फळीवर बसतं, तिला सीटबोर्ड म्हणतात, ती फळी पेटीच्या दोन उभ्या बाजूंवर टेकलेली असते, आणि त्याच यंत्राला पाच-सहा किलोची दोन वजनं आणि जवळजवळ एक मीटरचा लंबक लटकलेला असतो. लाकूड डगमगलं की सगळं डगमगतं. आता ताकद किती असते ते बघा. सहा किलोचं वजन आठ दिवसांत साधारण दीड मीटर खाली येतं, हिशोब केला तर ही ताकद एका वॅटच्या सुमारे आठ हजाराव्या भागाइतकी भरते. एवढ्याशा ताकदीवर घड्याळ अडीचशे वर्षं चालतं. त्यातली थोडी जरी पेटी हलण्यात गेली तरी लंबकाला काही उरत नाही. म्हणून तेलाची बाटली काढायच्या आधी खालच्या क्रमाने बघा, पहिल्या चार-पाच गोष्टींना एक पैसा लागत नाही.

पहिलं, चावी. हसू नका, खरंच बघा. आठ दिवसांच्या घड्याळाला दोन भोकं असतात, एक चालण्याचं आणि एक ठोक्यांचं, आणि दोन्ही वजनं वर यायला हवीत. रात्री टोल नकोत म्हणून ठोक्यांच्या बाजूला चावी द्यायचीच नाही असं बरेच जण करतात, आणि मग घड्याळ बारा ते एकच्या मधे थांबतं. कारण असं की ठोके मोजायला आत एक दातेरी पट्टी असते, ती दर तासाला एका गोगलगायीच्या आकाराच्या चकतीवर पडते. एक वाजता थोडी पडते, बारा वाजता सगळ्यात खोल. ठोक्यांचं वजन खाली टेकलं असेल तर ती पट्टी परत उचललीच जात नाही, आणि बारानंतर चकतीची उंच पायरी येते ती तिच्या शेपटीला जाऊन अडते. झालं, घड्याळ जाम. तेव्हा काटा जबरदस्तीने पुढे ढकलू नका, शेपटी वाकते किंवा दात तुटतो. ठोक्यांना चावी द्या, पट्टी आपोआप उचलली जाते आणि काटे सुटतात. आवाजच नको असेल तर हातोडीच्या टोकाला नरम चामड्याचा तुकडा दोऱ्याने बांधा, पण वजन चढवत राहा. चावी देताना दार उघडं ठेवून वजनाकडे बघत द्या, ते सीटबोर्डला जाऊन आपटेपर्यंत फिरवू नका, आणि दोरी ड्रमच्या खाचांमधे एकापुढे एक बसतेय ना, एकीवर एक चढत नाहीये ना, तेही तेव्हाच दिसतं.

दुसरं, पेटी हलते का. पेटीच्या खांद्याशी दोन बोटं टेकवा आणि अगदी हलकं दाबा, जोर लावायचा नाही. हलली तर बाकी काही बघायच्या आधी हे दुरुस्त करा. इथल्या घरात भिंतीपर्यंत कार्पेट असतं आणि कार्पेटच्या कडेला भिंतीलगत खिळ्यांची एक लाकडी पट्टी असते, तिच्यावर पेटीचे मागचे पाय चढतात, त्यामुळे पेटी पुढे झुकते. डोळ्यांना हे कळत नाही. पाणसळ लावून बघा, दोन्ही दिशांनी, किंवा दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. पुढे झुकलेल्या पेटीत लंबकाचा गोळा वजनांना किंवा दाराला घासतो, मागे झुकलेल्या पेटीत तो मागच्या फळीला घासतो. टॉर्च घेऊन मागच्या फळीकडे बघा, गोळ्याच्या उंचीवर लाकडात एक बारीक, चकचकीत, कमानीसारखा चरा दिसला तर गोळा तिथे घासतोय किंवा कधीतरी घासत होता. एका पेटीत मी असा चरा बघितलाय की त्यात नख सहज बसत होतं, इतक्या वर्षांचा.

पायाखाली घालायला लाकडाच्या पातळ पाचरी वापरा. घडी केलेला कागद, पुठ्ठा, बिअरचं कोस्टर नको, ते महिन्याभरात दबतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर येता.

यातच ती चार-पाच दिवसांची भानगड येते, आणि हे मला फार आवडतं समजावून सांगायला. चावी दिली की वजनं वर असतात, आखूड दोरीवर. जसजशी खाली येतात तसतशी दोरी लांब होते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अशी वेळ येते की लटकणाऱ्या वजनाची लांबी आणि लंबकाची लांबी जवळजवळ सारखी होते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर बोट लावत राहिलं तर झोपाळा मोठा होतो ना, तसंच होतं. पेटी केसाएवढी हलत असेल तरी लंबकाचा झोका पेटीतून वजनांकडे जातो, वजनं डोलायला लागतात आणि लंबक मरतो. तुमचं घड्याळ दर आठवड्याला त्याच वारी थांबत असेल तर त्या दिवशी टॉर्च घेऊन दारातून वजनांकडे बघा. ती हळूहळू डोलताना दिसली की कारण सापडलं.

उपाय एकच, पेटी भिंतीला स्क्रूने बांधायची. पूर्वी सगळ्यांनी हेच केलंय, मागच्या फळीत वरच्या बाजूला जुनं भोक बहुतेक वेळा असतंच, कधी तीन-चार असतात, प्रत्येक घराचं एक. तेच वापरा, नवीन पाडू नका. भिंतीच्या खाली स्कर्टिंग, म्हणजे जमिनीलगतची लाकडी पट्टी, असतं त्यामुळे पेटी आणि भिंत यांच्यामधे फट राहते, त्या फटीच्या जाडीचा लाकडी ठोकळा मधे घाला आणि मग स्क्रू आवळा, नाहीतर फळी वाकते आणि पेटीच पिळली जाते. ड्रिल करायच्या आधी भिंतीत वायर किंवा पाइप नाही ना ते बघा. भाड्याच्या घरात मालकाला विचारून करा. घरात लहान मूल असेल तर हा स्क्रू घड्याळ चालो न चालो हवाच, वर जड आणि खाली अरुंद अशी ती वस्तू आहे.

तिसरं, आवाज. याला इथले लोक बीट म्हणतात. डोळे मिटून मिनिटभर ऐका. टिक, टॉक, टिक, टॉक, मधली अंतरं सारखी हवीत. घोडा लंगडल्यासारखं वाटलं तर एका बाजूला लंबकाला ताकद मिळतेय आणि दुसऱ्या बाजूला कशीबशी. नक्की कुठे ते असं बघायचं, लंबक थांबवा, बोटाने अगदी हळू डावीकडे न्या, टिक ऐकू आली की गोळा मधल्या जागेपासून किती लांब गेला ते मागे लावलेल्या कागदावर पेन्सिलीने खूण करा, मग उजवीकडे तसंच. दोन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत. एका बाजूला आवाज लवकर आला तर त्या बाजूच्या पायाखाली पातळ पाचर घाला आणि परत मोजा. आणखी बिघडलं तर बाजू चुकली, पाचर दुसरीकडे घाला. पेटी आधीच सरळ उभी असेल आणि तिला वाकडी करावी लागत असेल तर खरं म्हणजे यंत्रामागचा क्रच, म्हणजे लंबकाला धक्का देणारी लोखंडी काडी, तीच किंचित लवकर आवाज येणाऱ्या बाजूला वाकवायची असते. ती काडी एका हाताने वर घट्ट धरून दुसऱ्या हाताने खाली वाकवायची, मिलिमीटर-दोन मिलिमीटर. हात थरथरत असेल तर हे करू नका, वरचा जोर थेट नाजूक भागावर जातो.

घर बदलल्यावर थांबलेल्या घड्याळांत हे तिसरं कारण सगळ्यात जास्त सापडतं. जुन्या घरात जमीन डावीकडे उतरती होती, कुणीतरी तिथे क्रच वाकवून जमवलेलं होतं, नवीन घरात जमीन सरळ, मग घड्याळ लंगडणारच.

चौथं, काटे आणि हूड. हूड म्हणजे वरची डोक्याकडची पेटी, बहुतेकांची पुढे सरकवून निघते. ती काढा, सुरक्षित जागी ठेवा, तिच्यावरचे कळस आणि खांब सैल असतात तेव्हा खालून दोन्ही हातांनी धरा, खांबांना धरून उचलू नका. आता घड्याळ एक अख्खा दिवस तसंच चालू द्या. चाललं आणि हूड घातल्यावर थांबलं तर दाराची काच मधल्या पिनला टेकतेय किंवा हूडची आतली चौकट तबकडीला दाबतेय, म्हणजे यंत्र पुढे सरकलंय किंवा हूड मागे जास्त जातोय. मग काटे बाजूने बघा. तास काटा मिनिट काट्याला लागत नाही ना, मिनिट काट्याचं टोक काचेला किंवा आकड्यांना घासत नाही ना, सेकंदाचा छोटा काटा तबकडीला चिकटत नाही ना. सेकंद काटा नुसता दाबून बसवलेला असतो, जरा बाहेर ओढला की मोकळा होतो, आणि अशा छोट्याशा गोष्टीसाठी लोकांनी अख्खं यंत्र उतरवलेलं मी बघितलंय.

टिकटिक चालू पण काटे हलत नाहीत, त्याचं कारणही इथेच. मिनिट काट्यापुढे एक वॉशर आणि एक बारीक निमुळती पिन असते, ती पिन सैल झाली किंवा पडली की मागच्या स्प्रिंगची पकड सुटते. पिन परत घट्ट बसवा, तेवढंच.

मध्यरात्री थांबत असेल तर तारखेची चकती बघा. तिला ढकलणारा दांडा काही तास ढकलत असतो, चकती घाणीने जड झाली असेल तर घड्याळाचा तिथे दम जातो. दुपारी बाराला थांबत असेल तरी हेच असू शकतं, तास काटा बारा तास चुकून लावलेला असेल तर तारीख भर दुपारी बदलते. त्या वेळेत बोटाने तारीख बदलू नका.

पाचवं, लंबक टांगलाय ती पट्टी. सस्पेन्शन स्प्रिंग म्हणतात, लंबकाच्या अगदी वरच्या टोकाला पोलादाची पातळ पट्टी असते. घर बदलताना लंबक आत तसाच लटकत ठेवला की ही पट्टी मुडपते. लक्षण असं की गोळा सरळ डावीकडे-उजवीकडे न जाता मधेच गिरकी घेतो. उजेडासमोर धरून बघा, मुरड किंवा चीर दिसली की बदला, काही पौंडांची वस्तू आहे, पण तेवढ्याच जाडीची आणि रुंदीची घ्या, जाड पट्टी झोका खाते. आणि इथून पुढे घड्याळ हलवताना कायम हा क्रम, आधी हूड, मग दोन्ही वजनं, मग लंबक, मग यंत्र, आणि पेटी सगळ्यात शेवटी. वजनं काढल्यावर दोऱ्या ढिल्या होऊन ड्रमवरून सुटतात, त्यावर मास्किंग टेप लावून ठेवा. उघड्या शिशाची वजनं असतील तर नंतर हात धुवा.

आता सहावं, लाकूड, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण घड्याळवाले लाकडाकडे बघत नाहीत आणि सुतार घड्याळाकडे.

लीड्सजवळ एक कुटुंब आहे, मूळचे नाशिकचे. त्यांनी लिलावातून एक पेटी आणली, काळी कुळकुळीत ओक, दारावर सिंहाचं तोंड, भोवती द्राक्षाची वेल, हूडला पिळाचे खांब, आणि खालच्या चौथऱ्यावर मोठ्या आकड्यांत कोरलेलं १६८९. द्राक्षं बघून काकूंना घरची आठवण झाली म्हणून घेतलं. घड्याळ उन्हाळ्यात उत्तम चालायचं आणि दर नोव्हेंबरला थांबायचं, तीन वर्षं हेच. आधी कुणीतरी येऊन सगळ्या चाकांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून गेला होता, दोन आठवडे चाललं आणि परत थांबलं.

मी दार उघडलं आणि आधी तबकडी बघितली. पांढरी रंगवलेली, कोपऱ्यांत गुलाब. अशा रंगीत तबकड्यांची जाहिरात बर्मिंगहॅमच्या ऑसबॉर्न आणि विल्सन यांनी १७७२ साली केली, त्याआधी पितळी तबकड्याच असायच्या. म्हणजे १६८९ हा आकडा त्या घड्याळाचा असूच शकत नाही. हे इंग्लंडमध्ये खूप झालंय, व्हिक्टोरियन काळात लोकांना जुनं कोरीव ओक हवं होतं, तेव्हा अठराव्या शतकातल्या साध्या सपाट पेट्या घेऊन त्यांच्यावर पटाशी चालवली, काळा रंग दिला आणि मनाला येईल ते साल कोरलं. काम वाईट नसतं, त्या सिंहाच्या आयाळीतली एकेक बट सुटी कोरलेली होती आणि हात फिरवला की पटाशीचे छोटे छोटे चढउतार बोटांना लागत होते. पण त्याचा घड्याळावर परिणाम होतो तो असा की पेट्या फिरल्या, यंत्रं फिरली, या पेटीतलं यंत्र त्या पेटीत गेलं. इथेही यंत्र दुसऱ्याच पेटीतलं होतं, उंची जमेना म्हणून सीटबोर्डखाली दोन्ही बाजूंना तुकडे घातले होते. डावीकडे एक लाकडाची चिप, तिच्यावर घडी केलेला पुठ्ठा, त्यावर आणखी एक चिप. मी सीटबोर्डच्या डाव्या टोकावर बोट ठेवून दाबलं तर टक् असा आवाज येऊन ते खाली गेलं, सोडलं की वर. तीन वर्षांचं कोडं तेवढंच होतं.

नोव्हेंबरच का, तर हीटिंग. बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की फार कोरडी होते आणि लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो, तीस सेंटीमीटर रुंद ओकची फळी उन्हाळा ते हिवाळा दोन-तीन मिलिमीटर सहज मागेपुढे होते. उन्हाळ्यात फुगलेल्या पेटीत तो पुठ्ठा घट्ट धरला जायचा, हिवाळ्यात सैल. मी सगळे तुकडे काढले, ओकच्या दोन सरळ पट्ट्या तासून सरसाने बसवल्या, पेटी रेडिएटरपासून दूर आतल्या भिंतीला नेऊन बांधली. त्यानंतरचा हिवाळा ते घड्याळ न थांबता चाललं. यंत्रावरचा स्प्रे मात्र नंतर पूर्ण साफ करून घ्यावा लागला, कारण तो सुकला की चिकट होतो आणि धूळ धरतो.

तर तुम्हीही सीटबोर्ड बोटाने दाबून बघा, दोन्ही टोकांना. खोलीत दहा-पंधरा पौंडांचा आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ६० टक्क्यांच्या मधे राहिलं तर लाकूड शांत असतं. हिवाळ्यात कोरीव पट्ट्या, पानं, छोटी फुलं निखळतात तीही याच कारणाने, खालची फळी आकसते आणि वर आडवी चिकटवलेली नक्षी आकसत नाही. पडलेला तुकडा लगेच पाकिटात घाला, कुठून पडला ते वर लिहा, फोटो काढा. चिकटवायला फेव्हिकॉल किंवा सुपरग्लू अजिबात नको. जुनं काम सगळं सरसाचं आहे, सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो, उद्या कुणाला परत उघडायचं झालं तर उघडता येतं. फेव्हिकॉल लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसतो, मग त्यावर सरस कधीच धरत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीवाल्याला जुनं लाकूड तासावं लागतं. तासलेलं कोरीवकाम परत येत नाही. नक्षीतली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा, फर्निचरचे स्प्रे मारू नका, वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचं पॉलिश अगदी थोडं पुरे.

वुडवर्म, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, तीही याच वेळी बघून घ्या. दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं जुन्या पेटीत असणारच, त्याने घाबरू नका. कीड अजून जिवंत आहे का ते महत्त्वाचं. खाली काळा कागद पसरून ठेवा, मे ते ऑगस्ट या काळात भुंगे बाहेर येतात, कागदावर ताजा फिकट भुसा पडला तर जिवंत आहे. सीटबोर्ड ज्या दोन उभ्या बाजूंवर टेकतो तिथे टाचणी टोचून बघा. लाकडात जायला जोर लागला तर ठीक. बिस्किटात गेल्यासारखी गेली तर त्याच दिवशी दोन्ही वजनं उतरवा आणि घड्याळ बंद ठेवा, बारा किलोच्या आसपास वजन आणि वर यंत्र, एवढं सगळं त्या पोखरलेल्या लाकडावर टांगलेलं आहे.

इथपर्यंत घरी करा. यापुढे थांबा.

दोरीला, ती आतड्याची असो की तारेची, धागे सुटलेले दिसले तर वजन उतरवा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. तुटली तर सहा किलो थेट पेटीच्या तळावर पडतं, तळ फुटलेल्या पेट्या मी बघितल्यात. वरचं सगळं तपासून झालं, बीट बरोबर, पेटी पक्की, आणि तरी झोका मरगळलेला असेल तर बहुतेक यंत्रच झिजलंय. टॉर्चने चाकांच्या आसांची टोकं पितळी फळीत जिथे बसतात ती भोकं बघा, भोवती काळं-हिरवं तेल साठलंय का, घड्याळ चालताना आस भोकात इकडेतिकडे सरकतोय का, भोक गोल न राहता अंडाकृती झालंय का. तसं असेल तर तिथे नवीन पितळी बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, घालावी लागते, अँकरच्या, म्हणजे चाकाचा एकेक दात अडवून सोडणाऱ्या नांगरासारख्या तुकड्याच्या, दोन्ही टोकांवर खाचा पडल्या असतील तर तीही कुशल माणसाची कामं. तेल घालून हे बरं होत नाही, उलट जुन्या घाणीत नवीन तेल मिसळलं की कानशीच्या भुकटीसारखं ते आस खात राहतं. तेल द्यायचं ते आधी साफ केलेल्या यंत्रालाच, घड्याळाचंच, टाचणीच्या टोकावर मावेल एवढं, फक्त आसांना आणि अँकरच्या टोकांना. चाकांच्या दातांना कधीच नाही.

टेबलावर ठेवायची स्प्रिंगची जुनी इंग्लिश घड्याळं, ज्यांना ब्रॅकेट क्लॉक म्हणतात, ती तर उघडूच नका. आत गुंडाळलेल्या स्प्रिंगमधे इतका जोर असतो की बोट जायबंदी होतं.

तबकडीलाही हात लावू नका. रंगीत तबकडीवरचे आकडे ओल्या फडक्याने पुसले जातात, आणि पितळी तबकडीवरचं आकड्यांचं कडं बहुतेक वेळा चांदीच्या पातळ थराचं असतं, पितळ पॉलिशने पहिल्याच फटक्यात तो थर जातो.

माणूस शोधायला ब्रिटिश होरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे घड्याळकाम करणाऱ्यांची संस्था, आहे, १८५८ साली स्थापन झालेली, नॉटिंगहॅमशायरमधल्या अप्टन हॉलमधे. लाकडाचं काम असेल तर अँटिक फर्निचरचा रिस्टोअरर वेगळा बघा, दोन्ही कामं चांगली करणारा एकच माणूस क्वचित मिळतो. वेस्ट ससेक्समधल्या वेस्ट डीन कॉलेजात घड्याळं आणि फर्निचर दोन्हींची दुरुस्ती शिकवतात, तिथे शिकलेली माणसं देशभर आहेत. कुणालाही काम द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा, काढलेले जुने भाग मला परत देणार का, काय केलं ते लिहून देणार का, आणि घरी आणून उभं करून बीट लावून देणार का. तिसऱ्याला नाही म्हणाला तर दुसरा शोधा, कारण वर्कशॉपच्या स्टँडवर चाललेलं घड्याळ तुमच्या कार्पेटवर चालेलच असं नाही.

आणि फोन करायच्या आधी आठवडाभर एक कागद पेटीच्या दाराला आतून लावून ठेवा. कुठल्या दिवशी, किती वाजता थांबलं, चावी कधी दिली होती, वजनं तेव्हा किती खाली होती, हीटिंग चालू होतं का. आवाजाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, सीटबोर्डच्या दोन्ही टोकांचे फोटो आणि मागच्या फळीवरच्या चऱ्याचा एक. माझ्याकडे एवढं आलं की बऱ्याचदा मला गाडी काढावीच लागत नाही, कुठल्या पायाखाली पाचर घालायची ते फोनवरच सांगते.